माळ्यावरचं कांडेचोर आणि मोरीतला साप



मला विषय दिला गेला तो 'मानव आणि निसर्ग' असा. इतका मोठा विषय माझ्याच्यानं पेलवणार नाही, हे मी संयोजकांना आधीच सांगितलं. चाळीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवल्यावर माणसाला एवढं तरी कळतं, की 'मानव' आणि 'निसर्ग' हे दोन शब्द एका वाक्यात आले की पुढचा तासभर कुणालाच काही कळत नाही. म्हणून मी विषय लहान करून घेतला. इथे बसलेल्या बहुतेकांची घरं कौलारू आहेत, मागे परसू आहे, परसवात फणस आहे. घरात साप निघाला, माळ्यावर काही खुडबुडतंय, माकडांनी कौलं फोडली, तर काय करायचं? आणि ते पुन्हा येऊ नये म्हणून काय करायचं? एवढंच बोलणार आहे.

तुम्ही म्हणाल, यात तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचं काय काम? सर्पमित्राला बोलवायचं होतं. बरोबर आहे. पण माझ्याकडून या बाबतीत एक मोठी चूक झालेली आहे, आणि ज्यानं चूक केली त्याला थोडं बोलायचा अधिकार असतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही दोघं पुण्याहून गावच्या घरी राहायला आलो. घर आजोबांच्या वेळचं, बरीच वर्षं बंद. पहिल्याच महिन्यात रात्री माळ्यावर आवाज सुरू झाले. उंदरांचे नव्हेत. उंदीर तुरतुर पळतो, हे चालणं होतं. दबकं, वजनदार. आणि सकाळी माजघरात एक वास यायचा, आंबेमोहोर तांदळाचा भात शिजत असावा तसा. आमच्या कामाच्या बाईंनी लगेच सांगितलं, "कांडेचोर हाय." काही जण त्याला उदमांजर म्हणतात. मांजराएवढं अंग, लांब शेपूट, तोंडाचा भाग काळसर. दिवसा झोपतं, रात्री हिंडतं. फळं खातं, उंदीर खातं, जमलं तर कोंबडीचं पिल्लू पळवतं. माणसाच्या अंगावर येत नाही. झाडाची ढोली हे त्याचं खरं घर. ढोल्या असलेली जुनी झाडं आपण तोडली, तेव्हा ते आपल्या माळ्यावर आलं. त्याच्या दृष्टीनं आपला माळा म्हणजे एक मोठी, कोरडी ढोली.

मी काय केलं? मिस्त्रीला बोलावलं. आढ्याजवळची दोन कौलं सरकलेली होती, तीच त्याची वाट. भर दुपारी मिस्त्रीनं ती बसवली, वर सिमेंट मारलं, जाताना मला म्हणाला, "आता चिंता नको." मलाही बरं वाटलं. त्या रात्री छपरावर कुणीतरी वेड्यासारखं धावत होतं, कौलं ओरबाडत होतं. मी हिला म्हटलं, बघ, आत येता येत नाही म्हणून चिडलंय. दुसऱ्या दिवशी माळ्यावरून बारीक आवाज यायला लागला, मांजरीच्या पिल्लासारखा. तो मी ऐकला. आणि ऐकून सोडून दिला, कारण माळ्यावर चढायची शिडी मोडकी होती आणि मला गुडघ्याचा त्रास होता. तिसऱ्या दिवशी आवाज थांबला. पाचव्या दिवशी वास आला, आणि तो आंबेमोहोराचा नव्हता.

दोन पिल्लं होती. आई रात्री चरायला बाहेर पडली असणार किंवा मिस्त्रीच्या ठोकाठोकीनं पळाली असणार, आणि मी दार लावून घेतलं.

ही मला जे म्हणाली ते मी विसरू शकत नाही. "अहो, आयुष्यभर नीतिशास्त्र शिकवलंत. वर चढून एकदा बघायला काय झालं होतं?"

आता या प्रश्नाला वर्गात मी उत्तर देऊ शकलो असतो. हेतू वाईट नव्हता, परिणाम अनपेक्षित होता, वगैरे. पण परिणाम अनपेक्षित नव्हता हो. कुणाही शहाण्या माणसानं अपेक्षिला असता असाच होता. मला फक्त तपासायचं नव्हतं. क्रौर्य वेगळं आणि बेफिकिरी वेगळी, असं आपण म्हणतो. माळ्यावरच्या पिल्लांच्या बाजूनं पाहिलं तर हा फरक कुठेच दिसत नाही.

म्हणून पहिली गोष्ट: कुठलंही भोक बुजवण्याआधी आत कोण आहे ते पाहा. स्वतः चढता येत नसेल तर चढणाऱ्याला सांगा. त्याची एक सोपी युक्ती आहे, ती मला नंतर कामाच्या बाईंनीच शिकवली. वाटेच्या तोंडाशी रांगोळीची पूड पातळ पसरायची. संध्याकाळी पसरली की सकाळी पावलं दिसतात. आत जाणारी किती, बाहेर येणारी किती, कळतं. चार-पाच दिवस ओळीनं बघायचं. आणि दिवसा, सगळं शांत असताना, माळ्याखाली उभं राहून कान द्यायचा. पिल्लं असतील तर ती दिवसा कधीतरी बोलतातच.

पिल्लं आहेत असं वाटलं तर? दोन मार्ग आहेत. एक म्हणजे थांबायचं. पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत काही आठवडे जातात, आणि तेवढ्या काळात कांडेचोर आपलं फारसं नुकसान करत नाही. घाण होते, ती नंतर साफ करता येते. दुसरा मार्ग म्हणजे आईला ती जागा नकोशी करायची. दोन वर्षांनी पुन्हा एक मादी आली तेव्हा आम्ही हेच केलं. माळ्यावर दिवा लावून ठेवला आणि दिवसभर रेडिओ. तिची वाट मात्र उघडी ठेवली. अंधार आणि शांतता हेच तिला हवं असतं. तिसऱ्या रात्री तिनं पिल्लांना एकेक करून मानगुटीला धरून नेलं, मांजरी नेते तशी. ही खिडकीत बसून मोजत होती. तीन नेली.

सगळे गेले असं वाटलं तरी उरलेली वाट एकदम बुजवायची नाही. आधी बाकीची सगळी भोकं बंद करायची, आणि मुख्य वाटेवर एकतर्फी दार बसवायचं. दार म्हणजे काय, एक पत्र्याचा किंवा जाड जाळीचा तुकडा, वरच्या बाजूला बिजागरी, खाली मोकळा, बाहेरच्या बाजूला उघडणारा. आतून ढकललं की उघडतो, बाहेरून ओढता येत नाही. आत कुणी राहिलं असेल तर ते बाहेर पडतं, पण परत येता येत नाही. तीन-चार रात्री रांगोळीत पाऊल उमटलं नाही, की मग कायमचं बंद. छोट्या वटवाघळांच्या बाबतीतही हेच तत्त्व लागू आहे, फक्त तिथे दाराऐवजी फटीवर जाळीचा पडदा वरून सोडतात, खालून मोकळा. वटवाघळाची मादी एका वेळी बहुधा एकच पिल्लू घालते. ते पिल्लू उडू लागेपर्यंत थांबावं लागतं, नाहीतर माझ्यासारखंच होतं.

(खोलीत एखादंच वटवाघूळ शिरलं असेल तर झाडू घेऊन नाचू नका. पंखा बंद करा, दिवा बंद करा, खिडकी उघडी टाका, आणि बाहेर जा. ते आपोआप जातं. उघड्या हातानं मात्र धरू नका, ते चावू शकतं.)

आता सापाकडे येतो, कारण तिथे उलट बाजूचा धोका आहे.

एवढं सगळं ऐकून तुम्हाला वाटेल, हे सर भूतदयेवर व्याख्यान द्यायला आलेत. तसं नाही. आमच्या त्याच बाईंचा भाचा, आठ वर्षांचा, जमिनीवर सतरंजी टाकून झोपत असे. पहाटे उठला तो पोट दुखतंय म्हणून. रात्री जेवण बाधलं असेल म्हणून ओवा दिला. तासाभरात त्याच्या पापण्या उचलेनात, बोलणं जड झालं. तेव्हा कुणीतरी शहाण्यानं ओळखलं, की हा मण्यारचा दंश आहे. चाव्याची खूण शोधूनसुद्धा सापडली नाही. मुलगा वाचला, पण किती तरी दिवस कृत्रिम श्वासावर होता. त्या घरात तांदळाची कणगी होती, कणगीभोवती उंदीर होते, आणि मागच्या भिंतीला मोरीचं उघडं भोक होतं.

भारतात सापाच्या दंशानं किती माणसं मरतात याचा एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. २००० ते २०१९ या वीस वर्षांत सुमारे १२ लाख, म्हणजे दर वर्षाला सरासरी ५८ हजार. हे मरणारे बहुतेक खेड्यातले, शेतात राबणारे आणि जमिनीवर झोपणारे. तेव्हा 'सापही आपला बांधव' हे वाक्य सिमेंटच्या घरात चौथ्या मजल्यावर बसून म्हणणं सोपं आहे. ज्याच्या मोरीला जाळी नाही त्याला ते सांगायचा मला अधिकार नाही.

आपल्याकडे विषारी सापांतले चार महत्त्वाचे: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं. दवाखान्यातलं प्रतिविष या चौघांवर मिळून एकच आहे. मण्यार रात्री हिंडते, तिचा चावा फारसा दुखत नाही, झोपलेल्याला कळतही नाही. म्हणून घरातल्या लहानांना आणि म्हाताऱ्यांना खाटेवर झोपवा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. खाट आणि मच्छरदाणी! सापापासून बचावाचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही. आणि चावलाच तर कापायचं नाही, चोखायचं नाही, दोरीनं आवळून बांधायचं नाही, मांत्रिकाकडे जायचं नाही. माणसाला धीर द्यायचा, चावलेला अवयव हलू द्यायचा नाही, अंगठी-बांगडी काढायची, आणि थेट दवाखाना. साप मारून पुरावा म्हणून घेऊन जायचीही गरज नाही. त्या भानगडीत दुसरा माणूस चावून घेतो.

घरात साप दिसला तर काय? दूर उभं राहायचं, आणि नजर ठेवायची. हे दुसरं फार महत्त्वाचं. सगळे पळाले आणि पंधरा मिनिटांनी परत आले, तर तो कुठे गेला हे कुणाला सांगता येत नाही, आणि मग महिनाभर घरात कुणी झोपत नाही. आतली दारं लावा, दाराखालच्या फटीत चादर कोंबा. बाहेरचं दार उघडं ठेवा. पुष्कळदा तो स्वतःच निघून जातो. नाहीतर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक लावा, किंवा तुमच्या भागातल्या, वनविभागाला माहीत असलेल्या सर्पमित्राला बोलवा. गळ्यात साप घालून फोटो काढणारा तो सर्पमित्र नव्हे.

'हा बिनविषारी आहे, मला कळतं' असं म्हणणाऱ्यांपासून जरा सावध राहा. कवड्या नावाचा एक साप आहे. पाली खातो, म्हणून भिंतीवर, खिडकीत सापडतो. बिनविषारी. पण पट्ट्यांमुळे तो मण्यारसारखा दिसतो. जाणकार सांगतात, की कवड्याचे पट्टे मानेकडे ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात, मण्यारचे शेपटीकडे ठळक असतात. हे खरं आहे. पण रात्री अडीच वाजता, चष्मा न लावता, बॅटरीच्या उजेडात हा भेद करायला जाऊ नये. वेदान्तातलं रज्जू-सर्पाचं उदाहरण मी शेकडो वेळा शिकवलं. दोरीला साप समजलं तर फार तर घाम फुटतो. मण्यारीला कवड्या समजलं तर त्या चुकीवर टिप्पणी लिहायला आपण उरत नाही.

सापाबद्दल एक गैरसमज आपल्या हाडामांसात आहे, तो म्हणजे डूख धरणं. हा मारला तर त्याची जोडीदारीण येईल, सूड घेईल. सापाला असं काही जमत नाही. एका जागी पुन्हा साप निघतो, कारण त्या जागी उंदीर आहेत, आडोसा आहे आणि भोक आहे. पहिल्याला मारलं काय किंवा पोत्यात घालून नेलं काय, ती तीन कारणं तिथेच असतात. आपण कारण बघत नाही, आणि सापावर सूडबुद्धीचा आळ घेतो.

हा आळ फार जुना आहे. महाभारताचं आदिपर्व आठवा. पांडवांना राहायला जागा हवी, ती मिळाली खांडववनाची. आत राहणाऱ्या सगळ्या जिवांसकट ते वन जाळलं गेलं. बाहेर पडू पाहणाऱ्यांना कृष्ण आणि अर्जुन मारत होते. तक्षक तेव्हा तिथे नव्हता, कुरुक्षेत्रावर होता. त्याची बायको मेली, मुलगा अश्वसेन निसटला. त्या प्रदेशात पुढे मयसभा उभी राहिली. इरावतीबाईंनी 'युगान्त'मध्ये यावर लिहिलं आहे, ते सगळ्यांनी वाचावं. पुढे अर्जुनाचा नातू परीक्षित. त्याला तक्षकाकडून मरण येणार असा शाप मिळाल्यावर त्यानं काय केलं? एका खांबावर महाल बांधला, भोवती पहारा, वैद्य, मांत्रिक. म्हणजे आजच्या भाषेत, बंदोबस्त अगदी कडक केला. आणि तक्षक आला तो फळातल्या अळीच्या रूपानं, राजाच्या स्वतःच्या ताटातून. मग जनमेजयाचं सर्पसत्र, सगळेच साप जाळायचे! ते आस्तिकानं थांबवलं. माझ्या आजीच्या माजघरात दारावर 'आस्तिक आस्तिक' असं गेरूनं लिहिलेलं होतं, साप येऊ नये म्हणून. लहानपणी मला तो मंत्र वाटायचा. आता वाटतं, तो एका तहाचा उल्लेख होता.

पण मला या कथेत एक बारीक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. परीक्षितानं बंदोबस्त केला तो एका तक्षकाविरुद्ध. भोक मात्र बघितलं नाही. फळाची टोपली कुणी तपासली नाही. आपण सगळे हेच करतो. शत्रूची तयारी करतो आणि टोपली तशीच राहते.

इथे मला थोडं माझ्या विषयातलं बोलू द्या. नैयायिकांनी अभावाचे प्रकार केले. मडकं घडण्याआधी जो मडक्याचा अभाव, तो प्रागभाव. मडकं फुटल्यावरचा अभाव, तो प्रध्वंसाभाव. घरात साप नसणं हेही दोन तऱ्हांचं असतं, असं मी म्हणतो. आलेला काढून टाकला म्हणून नाही, आणि मुळात आलाच नाही म्हणून नाही. (काटेकोर नैयायिक मला इथे काठीनं मारेल, कारण घरातला सापाचा अभाव हा वेगळ्याच कप्प्यात जातो. पण आज तो सभेत नसावा.) दिसायला दोन्ही 'नसणं' सारखं. पण पहिल्यात कुणाला तरी धरावं लागतं, हलवावं लागतं, त्याच्यावर जबरदस्ती होते, कधी तो मरतो, कधी आपण. दुसऱ्यात कुणावर काहीच होत नाही. जाळीला धडकून परत गेलेल्या सापाचं आपण काहीही बिघडवलेलं नसतं. म्हणून माझं म्हणणं असं, की कांडेचोर काढायचं कसं हा नैतिक प्रश्न आहे, आणि मोरीला जाळी लावायची कशी हा गवंड्याचा प्रश्न आहे. जेवढं काम गवंड्याकडे ढकलता येईल तेवढं ढकलावं.

तर गवंड्याचं काम असं. आपल्या करंगळीचं टोक जाईल अशी फट म्हणजे उंदराच्या पिल्लाला दिंडी दरवाजा, आणि जिथून उंदीर जातो तिथून साप जातो. मोरीच्या आणि न्हाणीघराच्या तोंडाला लोखंडी किंवा स्टीलची जाळी. प्लॅस्टिकची नको, उंदीर कुरतडतो. दाराखालची फट रबरी पट्टीनं बंद करायची. भिंतीतून नळ, वायर जिथे आत येतात तिथली भोकं सिमेंटनं बुजवायची, नुसत्या चिंध्या कोंबून नाही. वासे आणि भिंत यांच्यामधली जागा अर्ध्या इंची वेल्डमेशनं बंद करायची, म्हणजे हवा खेळते आणि जनावर अडतं. फांद्या छपरापासून तोडायच्या, निदान चार-सहा हात अंतर राहील एवढ्या. घराच्या भिंतीला टेकून सरपण, करवंट्या, जुनी कौलं, चिरे रचून ठेवायची आपली सवय आहे, ती सोडायची. फुरशाला चिऱ्यांचा ढीग फार आवडतो. सरपण घरापासून दूर, आणि जमिनीपासून वीतभर उंच मांडणीवर. कोंबड्यांचं खुराडं रात्री नीट बंद करायचं, सांडलेला दाणा झाडायचा. रात्री बाहेर जायचं तर हातात बॅटरी, पायात जोडे.

काय करायचं नाही तेही सांगतो, कारण लोक त्यावर जास्त पैसे घालवतात. गंधक, फिनेल, डांबरगोळ्या, लसणीचं पाणी, घराभोवती कार्बोलिक ॲसिड, यांपैकी कशानंही साप येत नाही असं म्हणता येत नाही. ॲसिडनं आपलीच मुलं भाजतात. कानाला न ऐकू येणारा आवाज काढणारी यंत्रं मिळतात, आमच्याकडे पण एक आणलं होतं, त्यावर पाल बसलेली असे. आणि चिकट गोंदाचे कागद! उंदरासाठी लावतात, त्यावर पाल चिकटते, कवड्या चिकटतो, चिमणी चिकटते, आणि दोन-दोन दिवस जिवंत राहते. भारतीय पशुकल्याण मंडळानं हे थांबवायला राज्यांना सांगितलेलं आहे. विषारी गोळी खाल्लेला उंदीर सुस्त होऊन उघड्यावर येतो, आणि त्याला गव्हाणी घुबड उचलतं. म्हणजे फुकटात उंदीर मारणारा आपण स्वतःच मारतो. पिंजरा लावा, धान्याला पत्र्याची कोठी करा.

कायद्याचंही थोडं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 'शिकार' या शब्दाची व्याख्या आपल्याला वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे. संरक्षित प्राण्याला मारणंच नाही, तर पकडणं, सापळा लावणं, विष घालणं, पक्ष्यांची आणि सरपटणाऱ्यांची अंडी-घरटी मोडणं, हेही त्यात येतं. प्राण स्वतःचे किंवा दुसऱ्याचे वाचवण्यासाठी, सद्हेतूनं केलेला प्रतिकार गुन्हा ठरत नाही. पण कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेल्या धामणीला पाच जणांनी काठ्यांनी ठेचणं म्हणजे प्राणरक्षण, असं कोर्टात सांगून बघा.

मग कुणी म्हणतं, मारू नका, लांब नेऊन सोडा. हा उपाय ऐकायला सर्वात दयाळू, आणि पुष्कळदा सर्वात फसवा. याचं ठळक उदाहरण आपल्याच महाराष्ट्रातलं आहे. जुन्नर भागात २००१ नंतर बिबट्यांना मोठ्या प्रमाणावर पकडून दूर जंगलांत सोडण्यात आलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे याचा अभ्यास केला. त्या भागात त्याआधी माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी चार होत होते, ते या मोहिमेच्या काळात सतरावर गेले. जिथे नेऊन सोडले तिथेही हल्ले झाले. कारण उघड आहे. प्रौढ जनावराला आपला मुलूख माहीत असतो. पाणी कुठे, माणसं कधी उठतात, कुत्री कुठे बांधतात. त्याला अनोळखी ठिकाणी टाकलं की ते बिथरतं, भटकतं, आपल्या मुलखाकडे परतू पाहतं. आणि इकडे रिकामी झालेली जागा दुसरं जनावर घेतं. सापाचंही असंच. धरलेला साप जवळच्याच झाडीत सोडावा, दहा कोस नेऊन नव्हे.

माकडांचं लवकर आवरतो, कारण त्यांच्याविषयी बोलायला लागलो तर इथले बागायतदार मला उठू देणार नाहीत. नारळाचं, आंब्याचं नुकसान हा धंद्याचा आणि सरकारी धोरणाचा प्रश्न आहे, माझ्या आवाक्यातला नाही. घरापुरतं एवढंच, की त्यांना खायला घालायचं नाही. देवळात शनिवारी केळी वाटणारा माणूस पुण्य घेऊन पुण्या-मुंबईला परत जातो, आणि रविवारी ती टोळी देवळामागच्या घरात शिरते. स्वयंपाकघराच्या खिडकीला जाळी, उष्टं-खरकटं झाकून, हातात पिशवी उघडी दिसू द्यायची नाही, आणि समोर आलं तर डोळ्यांत डोळे घालून दात दाखवायचे नाहीत. त्याच्या भाषेत ते आव्हान असतं. आग्यामोहोळाला धूर किंवा पेटते बोळे लावू नका. फुलोरा संपला की त्या माश्या बहुधा स्वतःहून जागा सोडतात. दारावरच असेल तर जाणता माणूस बोलवा.

प्रश्नोत्तरांना वेळ आहे असं अध्यक्ष म्हणतात. मागून एका आजींनी चिठ्ठी पाठवली आहे, ती वाचतो. "मी एकटी राहते. मुलगा ठाण्याला. माळ्यावर आवाज येतो. मला चढता येत नाही. मिस्त्री म्हणतो, उद्या येऊन बंद करतो. काय करू?"

आजी, मिस्त्रीला उद्या येऊ नको म्हणावं. आज संध्याकाळी शेजारच्या कुणा पोराला बोलवा, बॅटरी आणि रांगोळी देऊन वर चढवा, त्याला म्हणावं, भोकाच्या तोंडाशी पसर. कोपऱ्यात गवत, पानं, चिंध्या जमवलेल्या दिसतात का तेवढं दुरून बघ, हात घालू नको. दुपारी जेवणं झाल्यावर टीव्ही बंद करून दहा मिनिटं माळ्याखाली बसा. हे पाच दिवस करा. पिल्लांचा आवाज आला तर दिवा आणि रेडिओ, आणि वाट उघडी. नाही आला तर मिस्त्रीकडून आधी एकतर्फी दार लावून घ्या, ते कसं करायचं ते मी कागदावर काढून देतो, जाताना घेऊन जा. त्याला पत्र्याचा वीतभर तुकडा आणि एक बिजागरी लागेल. पैसे सगळं झाल्यावर द्या.